फाटकावरची शिकार

न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला भूकंप झाले, त्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. मी मुलाकडे राहायला गेलो होतो. तो तिथं इंजिनियर. तरुणपणी मी कोकणात ठासणीच्या बंदुकीनं रानडुकरं मारलेली. त्या गोष्टी ऐकत तो वाढला, म्हणून तिथं हौसेनं बंदुकीचा परवाना काढून बसला. म्हणाला, "बाबा, एकदा तुमच्याबरोबर शिकारीला जायचंय." एवढीच त्याची इच्छा.

सकाळी निघून आम्ही डोंगराखालच्या एका शेतकऱ्याच्या फाटकाशी पोचलो. तोही माझ्याच वयाचा, पण एवढ्या थंडीत अर्ध्या चड्डीवर. मुलानं पाकीट काढलं.

"हे कशाला?"

"फी असते, बाबा. त्यांच्या जमिनीत हरणाची शिकार करायची तर द्यावी लागते."

"हरीण त्यानं पाळलंय?"

"नाही, रानातलंच."

"मग पैसे कसले? वाऱ्याचे?"

आमच्याकडे उलटी रीत. डुकरांनी भात लोळवलं की शेतवाला स्वतः बोलवायला यायचा, वर तांदळाची भाकरी वाढायचा. शिकाऱ्याकडे पैसे मागितले असते तर गाव हसलं असतं. मी सरळ गाडीत जाऊन बसलो आणि पट्टा लावला.

"मी देतोय ना," मुलगा म्हणाला. "तुमच्या खिशातून थोडेच जातायत?"

"खिसा कुणाचाही असो. पैसे मोजून मारायचं तर ती शिकार कसली, तो बाजार. तू जा, मी बसतो इथं."

"एकट्यालाच जायचं असतं तर तुम्हाला कशाला आणलं असतं?"

हे मला लागलं. पण एकदा बसलो ते बसलो.

शेतकरी काचेशी वाकून बघत होता. मुलानं त्याला भांडण सांगितलं. त्यावर तो जे बोलला ते मुलानं मला सांगितलं: शिंगं जितकी मोठी तितका भाव, शिंगांसाठी लोक परदेशातून येतात.

"शिंगं शिजतात का, विचार त्याला."

मुलानं विचारलंसुद्धा. शेतकरी खो खो हसला आणि समोरच्या उतारावर बोट दाखवून काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?"

"खायलाच हवं असेल तर तिकडे रानबोकडं आहेत. गवत खातात, कुंपण मोडतात. हवी तितकी मारा म्हणतो, फुकट."

"बोकडं?" मी पट्टा सोडला. हरणाला भाव आणि बोकड फुकट! मटणाची किंमतच कळत नाही लोकांना. "आधी का नाही बोललास?"

"मला तरी काय माहीत?"

चढ सोपा नव्हता, पण मी काठी घेतली नाही. मुलाचा पहिला बार चुकला, दुसऱ्याला बोकड पडलं. माझ्याकडे बघून तो असा हसला, की मला त्याचा शाळेतला चेहरा आठवला.

खाली आल्यावर मुलाच्या सुरीनं कशीबशी मागची एक तंगडी कापून मी शेतकऱ्यापुढे धरली. जमीनवाल्याचा वाटा. तो दोन्ही हात हलवायला लागला.

"बाबा, ते बोकड खात नाहीत. कुत्र्यांना घालतात."

"घालू दे. पण घ्यायला सांग. फुकट नेलं म्हणायला नको."

तंगडी तशीच धरून मी उभा राहिलो. शेवटी त्यानं घेतली आणि दुसऱ्या हातानं माझा हात जोरजोरात हलवला.

गाडी रस्त्याला लागली तरी मुलगा हसत होता.

"जाताना काय म्हणाला रे तो?"

"या म्हाताऱ्याला परत घेऊन ये म्हणाला. मी म्हटलं, आणतो."

"मला न विचारता?"

"मग, येणार नाही?"

मी जरा वेळ बाहेरच्या मेंढ्या बघितल्या.

"सुरी चांगली घे," म्हटलं. "ही तुझी टोमॅटो कापायची आहे."