सशाच्या खिशातलं घड्याळ

केनियाच्या डोंगरावरल्या इटेन गावात किबिचीला सगळे ससाच म्हणत. शर्यतीत अर्ध्या वाटेपर्यंत पुढे पळायचं, मागच्याला वेग धरून द्यायचा आणि गुमान बाजूला व्हायचं, हेच त्याचं पोटापाण्याचं काम. शर्यत जिंकायची दुसऱ्यानं! पण ऐट काय विचारता. "घड्याळ हवंय कुणाला? किलोमीटर किती वेळात झाला ते माझे पायच सांगतात," म्हणायचा. आणि डोंगरावर ते खरंही होतं.

पुतणी जेरोप समुद्रकाठच्या मोंबासाला निवडीच्या शर्यतीत उतरली, ससा अर्थात काकाच. ठरलेल्या वेळेत आली तर देशाच्या संघात जागा, नाहीतर आहेतच घरच्या गाई. सुरुवातीच्या रेषेवर ती मनगटाकडे बघत हिशेब पुटपुटत होती, पाचव्या किलोमीटरला किती, दहाव्याला किती. किबिचीनं तिचं घड्याळ काढून घेतलं आणि खिशात टाकलं.

"आकडे मोजत बसलीस तर पळशील कधी? माझी पाठ बघ फक्त."

"बरं, काका."

डोंगरावर हवा विरळ, समुद्रकाठी दाट. तिथं तेवढ्याच दमात पाय जास्त वेगानं पडतात, हे इटेनच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. यालाही होतंच की! पण टाळ्या पडायला लागल्या आणि शहाणपण गेलं चुलीत, गडी सुसाट सुटला. पोरगी बिचारी सांगितल्यासारखी पाठीला चिकटून धावली. हा अर्ध्यावर हात हलवत बाजूला झाला. शेवटी शेवटी ती चक्क चालायला लागली, आणि संघातली जागा गेली.

आता घरी शेजारीपाजारी चहाला जमलेले. थोरला भाऊ चेबोई लेकीला विचारत होता, "झालं काय गं असं?"

"पोट बिघडलं, बाबा."

"खा अजून तिकडचे मासे!" शेजारी हसले. "सशानं काम चोख केलं, पोटानं घात केला."

किबिचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेरोपनं त्याच्याकडे न बघता त्याचा कप पुन्हा भरला. तोही त्यानं संपवला. मग खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"पोट नव्हतं, दादा. मीच फार जोरात नेलं तिला. घड्याळही मीच काढून घेतलेलं."

चेबोईनं घड्याळ उचलून लेकीच्या हातात दिलं.

"पोरीनं खोटं बोलून तुझी अब्रू राखली," तो म्हणाला, "आणि तू बसून दोन कप चहा प्यालास?"