मांडवातली काशीबाई

हडपसर खरंखुरं गाव होतं, तेव्हा ते बघायला कुणी तिकीट काढून आलं नाही. मळ्यांवर इमारती उभ्या राहिल्या, ओढे बुजले, आणि मग शेजारच्या मांजरी गावाच्या अंगाला, उसाच्या रानात, कुणीतरी एक ‘जुनं गाव’ बांधलं. मातीच्या भिंती, दगडी पार, आड. आडात पाणी नाही. सुताराचा पुतळा, कुंभाराचा पुतळा, खांद्यावर बांगड्यांच्या माळा घेतलेली कासारीण, तीही पुतळाच. मधोमध सहलीवाल्यांना जेवायला शाकारलेला मोठा मांडव.

त्या मांडवात एकच माणूस खरं होतं. आबेदा मणेर. तिच्या सासूनं, सासूच्या सासूनं हडपसर-मांजरीत दारोदार बांगड्या भरल्या. आबेदानंही भरल्या. लग्नघरात तिच्यावाचून अडायचं. हात भरून झाले की बायका मणेरणीच्या पाया पडायच्या. वय बघायच्या नाहीत, धर्म बघायच्या नाहीत. पुतळ्याच्या खांद्यावरच्या माळासुद्धा आबेदाच्याच. इथं बांगड्या भरायला बसू लागली तेव्हा हौसेनं तिनंच घातल्या होत्या.

त्या रविवारी खराडीतल्या एका कंपनीत काम करणाऱ्या रूपालीचं डोहाळजेवण मांडवात होतं. सकाळीच व्यवस्थापक सुदर्शन हिरवं नऊवारी आणि टिकल्यांचं पाकीट घेऊन आला. मांडवाच्या खांबावर नवी पाटी लागली होती, ‘कासारीण काशीबाई’.

“मावशी, आजपासून हे घालायचं. गेस्टना ऑथेंटिक फील पाहिजे.”

“काशीबाई कोण?”

“तुम्हीच. कॅरेक्टर आहे हो. नाव कुठं कायमचं बदलतोय?”

“मग तुझं बदल की. गेनू ठेव. शोभंल.”

सुदर्शन हसला नाही. “पाटी लागली आहे. बसायचं तर असं. बसायला बायका पुष्कळ मिळतात.”

आबेदाची कानशिलं तापली. “जुनं गाव दाखवताय ना? त्या गावात मी होते. माझी सासू आली की पाटलीण स्वतः पाट मांडायची. तिला कुठं गाडलंत तुम्ही?”

ती बांगड्यांची पेटी उचलायला वाकली, एवढ्यात रूपाली समोर येऊन बसली आणि तिनं हात पुढे केला. जड झालेला, किंचित सुजलेला हात. पुढे आलेला हात भरल्यावाचून मागे पाठवायचा नाही, ही मणेराच्या घरची रीत. त्यातून हा गरोदर बाईचा.

आबेदा बसली. आपल्याच कपड्यांत, आपल्याच कपाळानं.

“आता आपल्या काशीबाई चुडा भरतील!” सुदर्शन माईकवर ओरडला. टाळ्या पडल्या. आबेदानं दात आवळले. राग बोटांत उतरला तर काच मोडते, आणि मोडलेली काच गर्भारणीच्या हाताला लागू द्यायची नसते. तिनं बोटं मऊ ठेवली. रूपालीचा अंगठा आत दुमडत, हळूहळू, हिरव्या बांगड्या चढवल्या. सगळा राग तिनं पायांच्या बोटांत धरून ठेवला.

हात भरले. रूपाली जमेल तेवढी वाकली. “काशीबाई मावशी, आशीर्वाद द्या.”

“काशीबाई कशी देईल, पोरी? ती तिकडं उन्हात उभी हाय. प्लास्टरची. मी आबेदा. आबेदा मणेर, हडपसरची.”

कुणीतरी फोन खाली घेतला. कुणीतरी खुसखुसलं.

रूपाली वाकलेलीच होती. “मग आबेदा मावशी, तुम्ही द्या.”

“सुखानं मोकळी हो,” आबेदा म्हणाली.

सुदर्शन जवळ येऊन दातांतून बोलला, “उद्यापासून येऊ नका.”

“उद्याची कशाला वाट बघतोस?”

तिनं पेटी काखेत मारली. बाहेर कासारणीच्या पुतळ्यापाशी थांबली. त्याच्या खांद्यावरच्या माळा एकेक करून काढल्या, आपल्या खांद्यावर घेतल्या.

“मावशी, अहो, ते डिस्प्लेचं आहे!” सुदर्शन मागून ओरडला.

“माझं हाय,” ती न वळता म्हणाली. “तुमची काशीबाई ठेवा तुम्हाला.”

आणि काचा वाजवत ती फाटकाबाहेर, मांजरीच्या रस्त्याला लागली.