कोमट पाणी आणि फिनेल

सोसायटीच्या हॉलमागच्या नळांपाशी रविवारी सकाळी आम्ही काही जण मान वाकडी करून उभे असतो. तोटीच्या भांड्यातलं उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी एका नाकपुडीतून आत जातं, दुसरीतून बाहेर गळतं. जलनेती.

माझं नाक कित्येक वर्षं चोंदलेलं आहे. सकाळ शिंकांनी सुरू होते आणि गोळी घेतली की दिवस झोपेत जातो. म्हणून नाकात तुपाचे थेंब झाले, हळदीची धुरी झाली, बोटांवर चिकटपट्टीने मेथीचे दाणेही बसवून झाले. कुणी नवा उपाय सांगितला की मी हो म्हणते. नाही म्हणायलाही थोडा उत्साह लागतोच.

माझ्या शेजारी निर्मलाताई असतात. त्यांनाही हाच त्रास.

"शिंकांची सवय झाली हो," त्या एकदा म्हणाल्या. "पण आता नात झालीये, लेकीची. तिला जवळ घेते, आणि काहीच वास येत नाही. फोटो धरल्यासारखं वाटतं."

वासही आपल्याला सोडून जातो, हे लोकांना सांगणार तरी कसं? दिसत तर काहीच नाही.

गेल्या रविवारी नेती करून त्या तोंड पुसत होत्या. हॉलमध्ये सफाईवाल्या मावशी फरशी पुसत होत्या. निर्मलाताई एकदम थांबल्या.

"फिनेल," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाला येतोय?"

मला येत नव्हता. "येतोय," मी म्हटलं.

त्या पिशवी तिथेच ठेवून, ओल्या तोंडानेच लेकीच्या घराकडे निघाल्या.