तुम्ही व्हा पुढे

विद्यापीठाच्या खिडकीसमोर लेकीबरोबर रांगेत उभा होतो. आतल्या बाई प्रत्येकाला बजावत होत्या, "दाखला घेतलात की इथलं नाव कमी होणार हं!" आणि नवं विद्यापीठ म्हणतं, दाखला आणा, मग प्रवेशाचं बघू. म्हणजे मधले काही दिवस पोर कुठलीच नाही.

लहानपणी पहिलं पाऊल टाकताना तिने पलंगाची कड सोडली, तेव्हा पुढे धरायला माझा गुडघा अजून लांबच होता. तेव्हाही घाबरलो होतो तो मीच. ती हसत होती.

मी मोठ्या उदारपणे मागच्यांना म्हणत राहिलो, "तुम्ही व्हा पुढे."

शेवटी लेकीने माझी बाही धरली.

"बाबा, आता मागे कोणीच उरलं नाही."

या वेळी ती हसत नव्हती.