चहाच्या मळ्यावरचा प्रश्न

इंग्लंडमधल्या रीडिंग या गावातल्या आमच्या प्राथमिक शाळेत प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या आहेत, एक इंग्रजी आणि एक फ्रेंच. फ्रेंच तुकडीत इतिहास-भूगोलसुद्धा फ्रेंचमधून शिकवतात आणि इंग्रजी पुस्तक वर्गात आणायचं नाही असा नियम आहे. पुण्यात शिकलेल्या फ्रेंचवर मला इथे नोकरी मिळाली. इयर फोर या इयत्तेचं साहित्य निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्याकडे तक्ता असतो. भाषा सोपी आहे का, चित्रं मोठी आहेत का, शब्दसूची आहे का, बांधणी टिकेल का. चार खुणा झाल्या की ऑर्डर.

आठ वर्षांची मुलं विचार आठ वर्षांच्या मुलासारखा करतात आणि फ्रेंच वाचतात पाच वर्षांच्या मुलाइतकं. म्हणून आम्ही त्यांना बालवाडीची पुस्तकं देतो. चहा कुठून येतो, याच्या पुस्तकांचा संच तसाच निवडला गेला. गुळगुळीत कागद, भारतातला हिरवागार मळा, पाठीवर टोपली घेतलेली बाई. खाली वाक्य: बायका गाणी म्हणत पानं खुडतात, त्या आनंदी आहेत. बाईला नाव नाही. शेवटच्या पानावर मुलांना पडणारे प्रश्न छापलेले, उत्तरांसकट! मुलांनी स्वतः प्रश्न काढून शोध घ्यायचा म्हणे, आणि तोंड उघडायच्या आत त्यांची शंका छापून तयार. ते पान पाहून मला तेव्हा बरं वाटलं होतं, आपलं काम वाचलं म्हणून. आता आठवलं की शिसारी येते.

ऑर्डर देण्याआधी नमुन्याची प्रत वर्गात वापरून पाहिली. आमची पद्धत अशी की मुलांनी आपला प्रश्न कार्डावर लिहायचा, मोठ्याने वाचायचा, फळ्यावर लावायचा आणि मग उत्तर शोधायचं. वर्गात एक मुलगी होती. सप्टेंबरपासून ती फ्रेंचचा एक शब्द बोलली नव्हती. हाफ टर्मपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरच्या सुट्टीपर्यंत, बोलली नाही तर तिला इंग्रजी तुकडीत पाठवायचं ठरलं होतं. तिला जायचं नव्हतं, तिची एकुलती एक मैत्रीण आमच्याच वर्गात होती. त्या दिवशी ती उभी राहिली आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये तिने अख्खं वाक्य वाचलं, "मळ्यातल्या बायका शू करायला कुठे जातात?"

वर्ग फिदीफिदी हसला. ती फ्रेंच बोलली, हे मी ताबडतोब नोंदवायला हवं होतं. पण माझे कान तापले. भारत म्हटलं की यांना संडासच सुचणार, असं मनात आलं. मी म्हणाले, "हं, पुढचं कोण?" आणि मधल्या सुट्टीत तिचं कार्ड काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.

दुपारी फ्रेंच तुकड्यांच्या प्रमुख बाई आल्या. "आज कोण कोण बोललं?" मी यादी वाचली. त्यात ती नव्हती. तिचं नाव घेतलं असतं तर प्रश्नही सांगावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी ती फळ्यासमोर उभी. हळूच इंग्रजीत म्हणाली, "मिस, माझं कार्ड पडलं का?"

"फ्रेंचमध्ये विचार," मी सवयीने म्हणाले. तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

आठवड्याने पालकांची भेट होती. तिची आई बस चालवते. युनिफॉर्ममध्येच आली होती. म्हणाली, "पोरीने तुम्हाला भंडावलं असेल ना? माझ्या रूटच्या शेवटच्या स्टॉपला टॉयलेट नाही, म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नाही. हे कळल्यापासून दिसेल त्या काम करणाऱ्या बाईबद्दल हिला हाच प्रश्न. घरी तर वैताग आणलाय!" ती हसली. मी हसू शकले नाही.

त्याच संध्याकाळी कार्ड घेऊन प्रमुख बाईंकडे गेले. सगळं सांगितलं.

"तेव्हा का नाही बोललीस?"

"लाज वाटली."

"पुस्तकात याचं उत्तर आहे?"

"नाही. दुसरं काहीतरी शोधते. मी स्वतः लिहिते, सोप्या फ्रेंचमध्ये."

"आणि तिला ठेवायचं की नाही त्या मीटिंगमध्ये मी काय वाचून दाखवू? दोन महिन्यांत एक वाक्य, तेही मुतारीचं?" त्यांनी माझीच यादी पुढे सरकवली. "तुझ्या नोंदीत काही नाही. आणि तुझ्या नोंदी कधी चुकत नाहीत, हे तूच सांगत असतेस."

मी तिथेच नोंद दुरुस्त करून सही केली. त्यांनी तारीख पाहिली आणि म्हणाल्या, नोंद त्याच दिवशी व्हायला हवी होती, आता उशीर झाला. हाफ टर्मनंतर मुलगी समोरच्या इंग्रजी वर्गात गेली. चहाच्या पुस्तकांचे संच आले. कार्ड ड्रॉवरमध्ये असतानाच मी ऑर्डरवर सही केली होती आणि ऑर्डर रद्द करायचं माझ्याकडून झालं नाही.

डिसेंबरात गेटपाशी तिची आई भेटली. "नव्या वर्गात खूप बोलते हो," ती म्हणाली. "तुम्ही वेळेवर ओळखलंत की फ्रेंच तिला झेपत नाही. थँक यू."

तिच्यामागे पालकांची रांग होती. खरं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. मी "यू आर वेलकम" म्हणाले. घरी येईपर्यंत तोंडाला आलेली कडू चव गेली नाही.