मामांचा बन्सी

आमच्या हिच्या मामांनी आयुष्यात कुणा माणसाची जात विचारली नसेल, पण गव्हाची जात विचारल्याशिवाय ते कुणाच्या घरी पाणीही पीत नाहीत. माझ्या मेहुण्यासाठी सातपूरला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा आम्ही शिक्षण, नोकरी, पत्रिका विचारत बसलो. मामांनी फक्त "गहू कोणता खाता?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरात जाऊन डब्यातला एक दाणा दाढेखाली धरला. दाणा मऊ निघाला. मामांचा चेहरा असा पडला, की मुलीकडच्यांना वाटलं, स्थळ मोडलं. लग्न झालं, पण पहिल्याच सणाला सुनेच्या माहेरी मामांचा पाच किलो बन्सी गहू पोहोचला.

सिन्नरकडच्या त्यांच्या कोरडवाहू तुकड्यात दुसरं बियाणं कधी पडलंच नाही. जमिनीतली ओल आणि थंडीतलं दव, एवढ्यावर बन्सी उभा राहतो, तांबेरा रोग त्याच्या वाटेला जात नाही, कुसळं अशी की पाखरंही दोनदा विचार करतात, हे मामा एका दमात सांगतात. दाणा मधाच्या रंगाचा हवा आणि दाढेखाली कट् वाजला पाहिजे. या कट्‌पायी त्यांच्या दोन दाढा गेल्या. मी एकदा म्हटलं, पाणी दिलं तर जास्त पिकेल ना? "जावईबापू, त्याची मुळी खाली जाऊन पाणी हुडकते. तुमच्यासारखी नळाखाली बादली लावून बसत नाय."

दर वर्षी सुगी झाली की मुलीला, हिला आणि हिच्या धाकट्या बहिणीला ते बियाण्याची एकेक पिशवी देत. "माझ्याकडलं गेलं तर तुमच्याकडं राहील." आम्ही पिशवी कपाळाला लावत होतो आणि उन्हाळ्यात तिच्या शेवया करत होतो.

यंदा अवकाळी पाऊस आठवडाभर हटला नाही आणि मामांच्या उभ्या ओंब्यांना कोंब फुटले. मामा पिशव्या परत मागायला निघाले. ओझरला मुलीकडे कुरडया झाल्या होत्या, मालेगावला धाकट्या भाचीकडे लापशी. शेवटी नाशिकला आमचं घर.

"मामा, शेवया केल्या," म्हणून ही रडायलाच लागली.

मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "कशा झाल्या व्हत्या?"

"लय छान."

"व्हणारच," म्हणून ते हसले, पण माझ्याकडे बघेनात.

रविवारी आम्ही सगळे अपराधी शेतावर गेलो. कापून घातलेल्या भिजक्या राशीतून कोंब न फुटलेला एकेक दाणा वेचला. संध्याकाळपर्यंत जेमतेम एक तांब्या भरला. मामांनी तो हिच्या हातात दिला.

"आमच्याकडे? मामा, आम्ही खाल्ला की!"

"म्हणून तर. आता नाय खाणार तू. आन् पेरणीला मी असंल-नसंल."

हिने तांब्या मांडीवर धरला. मुलगा झाला तेव्हा दवाखान्यातून घरी येताना चालवली होती, तितकीच हळू मी नाशिकपर्यंत गाडी चालवली.