डोंगरावरच्या आंबट द्राक्षांचा सिरका

यशवंतराव निरगुडेसाहेबांची आणि माझी ओळख मी त्यांची बोलणी खाण्यातून झाली. ओमानमधल्या सहम गावच्या फळांच्या शीतगृहात मी स्टोअरकीपर म्हणून नवा लागलो होतो आणि द्राक्षांच्या खोलीचं दार पायाने उघडं धरून फोनवर बोलत होतो. "इब्राहिमभाई, आधी दार लावा. तुमचं बोलणं नंतरही होईल, फळ नासलं की नासलं," एवढंच ते म्हणाले. आज त्यांना साठ वर्षं पूर्ण होत असताना सांगतो, त्या दिवशी मला त्यांचा रागच आला होता.

साहेब मूळचे नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातले. ओमानला येण्यापूर्वी बरीच वर्षं ते तिथल्या एका छोट्या वायनरीत तळघर सांभाळत. रस कधी काढायचा, थंडीत किती दिवस मुरू द्यायचा, हे त्यांना नाकाने कळे. पण मालक दुसरे, बाटलीवर नाव दुसऱ्याचं. "एकदा तरी स्वतःच्या हाताने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत काहीतरी उत्तम करायचंय," असं ते म्हणत. इथे घरी वाइन करणं कायद्यात बसत नाही, आणि साहेब कायद्याच्या बाहेर पाऊल टाकणारे नव्हेत.

जबल अख्दर या इथल्या उंच डोंगरावर खल्फान नावाच्या वृद्ध बागाईतदाराशी त्यांची मैत्री होती. वर हवा थंड, त्यामुळे त्याची द्राक्षं आंबट राहत. गिऱ्हाईक नाही म्हणून तो वेली उपटून टाकणार होता. साहेब हट्टाला पेटले. थंड हवेत सावकाश पिकलेल्या फळाला जो वास असतो तो खालच्या उन्हात मिळत नाही, याचा उत्तम सिरका होईल, एक हंगाम द्या, असं त्यांनी सांगितलं. खल्फानने दाढीवरून हात फिरवला. "सिरका चलेगा, यशवंत. शराब मेरे घर में नहीं."

"रस त्या वाटेनेच जातो, बाबा. पण तिथे मुक्काम करणार नाही. माझा शब्द."

रस आंबून आधी वाइन होते, मग हवा लागली की तिचा सिरका होतो. म्हणून खल्फानच्या घरी ठेवलेल्या रसाच्या बरणीच्या तोंडावर फक्त मलमल बांधायची. फेस बसेपर्यंत आम्ही दोघे दर शुक्रवारी वर जात होतो. पुढे एका शुक्रवारी साहेबांना ड्यूटी लागली आणि मी एकटा गेलो.

मी राजापूरकडचा. आमच्याकडे लोणच्याची बरणी उघडी दिसली तर आई जेवू देत नसे. त्यातून दार लावायचा धडा प्रत्यक्ष साहेबांनीच दिलेला. मी मलमल काढली, झाकण घट्ट बसवलं, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि स्वतःवर खूश होऊन खाली आलो. साहेबांना काही बोललो नाही. नंतर कामाच्या गर्दीत दोन महिने वर जाणं झालं नाही.

पुढे गेलो तेव्हा साहेबांनी पट्टी पाहिली, झाकण काढलं आणि नुसता वास घेतला. बराच वेळ त्यांनी डोळे मिटले होते. "चांगली झालीय हो," ते म्हणाले. चांगला झालाय, असं म्हणाले नाहीत. ज्याच्या घरी थेंब ठेवणार नाही म्हणून शब्द दिला, त्याच्याच घरात मी, नमाज पढणाऱ्या माणसाने, बरणीभर वाइन करून ठेवली होती.

"साहेब, झाकण काढून ठेवू. महिना-दोन महिन्यांत आंबेल. कुणाला कळणार?"

"मला कळलंय ना."

त्यांनी खल्फानला बोलावलं आणि सरळ सांगितलं, "बाबा, शब्द मोडला. चूक माझी." माझं नाव घेतलं नाही. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझा हात दाबला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ती वस्तू त्यांनी अंगणाबाहेरच्या खडकावर ओतली. तिचा एक थेंबही चाखला नाही. मला रडू येत होतं. ते बरणी विसळत होते.

खल्फान पाहत उभा होता. वेली आता जाणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. तो म्हणाला, "तू चुप रहता, तो मैं काटता. अगले साल फिर करो, इन्शाल्ला."

पुढच्या साली झालेला सिरका सहममधल्या अनेकांच्या ताटात आला आहे, तेव्हा मी वेगळं काय सांगू? वेली अजून उभ्या आहेत. यंदा खल्फानने आणखी काही लावल्या. त्यांना फळ धरायला तीन वर्षं लागतील, तोवर यशवंतला कुठे जाऊ देऊ नका, असं त्याने मला बजावलं आहे. साहेबांनी तेवढी वर्षं तर थांबावंच, पण त्या वेलींची खोडं मनगटाएवढी होईपर्यंत धडधाकट राहून डोंगर चढावा, अशी अल्लाकडे माझी मागणी आहे.

एक काम मात्र उरलं आहे. झाकण कुणी लावलं हे खल्फानला अजून माहीत नाही. या शुक्रवारी मी वर जाऊन त्याला ते सांगणार आहे. साहेबांनी या वेळी माझा हात दाबू नये.